राखाडी सोलकढी

राखाडी रंगाची सोलकढी या किनाऱ्यावर आजवर एकदाच झाली असावी, आणि ती मी केली. हा मान मला कुणी दिलेला नाही, त्यामुळे तो कुणी काढूनही घेऊ शकत नाही. आमच्या देवबागात माणसांच्या हातून बरंच काही होतं. कुणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो आणि कावळे दाखवून परत आणतो. कुणाची होडी भर उन्हात, वारा नसताना, आपणहून पलटी होते. पण नारळाच्या दुधाला सोलांचा जो गुलाबी रंग चढतो, ज्याच्याकडे नुसतं बघून अर्धं जेवण होतं, त्याला धुतलेल्या सिमेंटची कळा आणणं, आणि तेही हायस्कुलात उभी हयात आम्ल आणि अल्कली शिकवून झाल्यावर, हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

आत्ता हे लिहितोय ते खळ्यात बसून, सोलां राखता राखता. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, आणि सोलां म्हणजे रातांब्याची, तुमच्या भाषेत कोकमाच्या फळाची, वाळवलेली सालं. फळ फोडायचं, बिया काढायच्या, साल त्याच्याच रसात बुडवून उन्हात घालायची. वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. प्रत्येक बुडवणीला पूट म्हणतात. हे काम आमच्याकडे बायकोचं. पण बायको सध्या डोंबिवलीला, मुलीकडे. म्हणून खुर्चीत मी, मांडीवर फोन, आणि फोनमध्ये ती.

"आज पूट दिलास?"

"दिलंय."

"पालथी घातलास?"

"घातलंय गो."

"दाखवा बघूया."

मी फोन खळ्यावरून फिरवतो. पलीकडून डोंबिवलीचा पंखा ऐकू येतो.

"ती तुळशीकडची उताणी आसत. माका हयसून दिसतत, तुमका थंय बसान दिसनत नाय?"

मी उठून पालथी घालतो. तरी ती फोन ठेवत नाही. तिला खळं बघायचं असतं. सोलां हे निमित्त. मला ते कळतं, म्हणून मी मुद्दाम दोन-चार उताणी ठेवतो.

तिच्या दोन्ही किडन्या थकल्या आहेत. आठवड्यातले काही दिवस ती तिथल्या मशीनला जोडलेली असते. तिला घरी परत यायचं आहे, एवढी एकच गोष्ट तिला हवी आहे, आणि ती तिच्या रक्तातल्या एका आकड्यावर अडून बसली आहे. त्या आकड्याशी माझा जुना परिचय. त्याची ओळख करून घेताना मी जे दिवे लावले, त्यांच्या उजेडात ती राखाडी सोलकढी झाली.

सुरुवात झाली ती श्वासापासून. खळं झाडताना ती मध्येच थांबायची आणि मोठा श्वास घ्यायची, खोल, छाती भरून. बसली तरी तसाच. आता नवऱ्याला बायकोचा मोठा श्वास ऐकू आला की तो काय समजतो? मी समजलो, ही माझ्यावर चिडली आहे. कशावरून ते कळेना. विचारायची सोय नव्हती, कारण "कशावरून" असं विचारणाराच जास्त गुन्हेगार असतो. मग मी सुधारलो. मोरीचा गळका नळ बदलला. पडवीतली कोळिष्टकं काढली. चहा झाल्यावर कप स्वतः विसळला. तरी श्वास तसाच. शेवटी मी तिला माहीत नसलेले काही गुन्हे आपणहून कबूल केले. तिच्या भावाने दिलेली छत्री मी गाडीत विसरलो होतो, ती चोरीला गेली नव्हती, वगैरे.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ता माका ठावक होता. माका दम लागता, त्याचा काय ता बघा."

तेव्हा कुडाळला नेलं. डॉक्टर तरुण, घाटावरची मुलगी, बोलायला गोड, आणि मासे न खाणारी. हे शेवटचं मला नंतर कळलं, नाहीतर मी तिच्यावर इतक्या सहज विश्वास ठेवला नसता. तपासण्या झाल्या. ती म्हणाली, "काकूंच्या किडन्या कमी काम करतायत. रक्तात आम्ल साठतंय. म्हणून श्वास मोठा येतो. शरीर निदान फुप्फुसांतून तरी आम्ल बाहेर टाकायला बघतंय."

म्हणजे तो श्वास माझ्यावर नव्हता. मला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तिने सोड्याच्या गोळ्या लिहून दिल्या. खायचा सोडा, भजीत घालतो तोच, फक्त औषधाच्या दुकानातला. "हा रक्तातला सोडा वर आणायचा. आला तर घरीच राहता येईल, बरीच वर्षंसुद्धा. नाही आला तर पुढचं लवकर बघावं लागेल, मुंबईला वगैरे." तेव्हा बाहेर रांग लागलेली. "आहाराचं पुढच्या वेळी नीट सांगते. तोवर मीठ कमी करा, जेवण हलकं ठेवा."

'मुंबई' म्हटल्याबरोबर बायकोने माझ्याकडे बघितलं. आमची मुलगी कधीपासून दोघांना तिकडे बोलवत होती आणि ही म्हणायची, माका घर सोडूचा नाय. थंय दार उघडल्यान की दार दिसता, हय दार उघडल्यान की दर्या दिसता. येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "सोडो वर येऊक होयो."

"येतलो," मी म्हटलं. "आम्ल-अल्कली हो माझोच विषय."

तेच चुकलं. माझा विषय नसता तर मी गुपचूप गोळ्या दिल्या असत्या आणि पुढच्या भेटीची वाट पाहिली असती. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं फळ्यावर 'आम्ल चवीला आंबट असते' असं लिहून मुलांकडून घोकून घेतलं, त्याला वाट पाहवते होय? मी घरी आलो आणि आंबट बंद केलं. कोकम बंद, चिंच बंद, लिंबू बंद, कैरी बंद, ताक बंद. आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमरसाची, बाटली शेजारी देऊन टाकली. सोलांची बरणी माळ्यावर. आम्ल आत जायलाच दिलं नाही की साठणार कुठून? सोपं गणित.

आता मालवणी माणूस पथ्य करतो म्हणजे काय करतो, ते बघा. आंबट सोडलं. मासे सोडले नाहीत. मासे हे पथ्यात धरायचे असतात, हे आमच्या डोक्यातच येत नाही. मासे म्हणजे खाणं नव्हे, मासे म्हणजे हवा. हवा कुणी बंद करतं?

त्यात स्वयंपाक मी हातात घेतलेला. बांगडा आणला, वाटप वाटलं, तिरफळं ठेचून टाकली, आणि सोल नाही. बांगड्याच्या कढीत सोल नसलं की बांगडा मेल्यासारखा वाटतो. मेलेला असतोच, पण तसा वाटायला नको. तिने पहिला घास घेतला, थांबली, आणि ताटाकडे बघत म्हणाली, "ही कढी नाय. ही बांगड्याची आंघोळ आसा."

कढी बेचव, म्हणून मग मी तळायला लागलो. तळलेलं तरी तोंडाला चव देतं. सुरमई तळली, पेडवे तळले, सुंगटं तळली. आधी एक तुकडी खाणाऱ्या बायकोच्या ताटात मी दोन घालायचो, अंगात ताकद यावी म्हणून. स्वतः केलेलं वाढताना माणूस किती उदार होतो!

शिवाय मी प्रयोगशाळाही उघडली. निवृत्त होताना आठवण म्हणून लिटमस कागदाची एक डबी घरी आणली होती. एका सकाळी तिच्यामागे लागलो, मोरीत जाशील तेव्हा लघवीत एवढा कागद बुडव.

"वेड लागला काय तुमका?"

"शास्त्र आसा गो."

बिचारीने बुडवला आणि दोन बोटांत धरून दूरवर घेऊन आली. निळा कागद लाल झाला होता. मी आनंदलो. आम्ल बाहेर पडतंय! म्हणजे किडन्या चोख काम करतायत. त्या आनंदात मी मुलीला फोनही लावला आणि सांगितलं की डॉक्टर उगाच घाबरवतात, आपल्याकडे पुरावा आहे.

त्या वर्षी आमच्या मागीलदारचा रातांबा असा लगडला होता की फांद्या वाकल्या. दर वैशाखात ती टोपल्या भरायची, शेजारणी यायच्या, बिया काढता काढता गावाच्या गजाली व्हायच्या, सगळ्यांचे हात लाल. मी म्हटलं, यंदा नको. घरात आंबट नको. ती मागच्या दाराशी उभी राहून झाडाकडे बघत राहिली. फळं पिकली, पडली, मुंग्या लागल्या, गुरं येऊन खाऊन गेली. मागीलदारी लाल सडा. ती रोज झाडायची, मध्येच थांबून तो मोठा श्वास घ्यायची. त्या सड्याचा वास मला अजून येतो. आंबूस, गोडसर. आणि माझ्या मनात तेव्हा काय, तर आपण किती काटेकोर.

मग एके दिवशी ती जेवली नाही. दुपारी माळ्याकडे बघत म्हणाली, "एक वाटी कढी घेतली तर मी मरान काय?"

ती मागून काही घेणारी बाई नव्हे. मला गलबललं. आणि गलबललेल्या शास्त्र शिक्षकाला उपाय सुचला. आंबट नको, पण सोलकढी तर हवी. मग आंबट मारू या! बरणी उतरवली. सोलां भिजत घातली, नारळ खवला, वाटला, पिळला. घट्ट दूध आलं. सोलांचं पाणी ओतलं आणि तो रंग आला. पितळीत उगवतीचं आभाळ ओतल्यासारखा. ती दारातून बघत होती. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा तसा दिसला.

आणि मी चिमूटभर सोडा घातला.

फस्स करून फेस वर आला. मी ढवळलं. गुलाबी गेला, जांभळट झाला. मला वाटलं, थोडं आंबट शिल्लक असेल, आणखी एक चिमूट. जांभळट गेला आणि मग तो सिमेंटचा रंग येऊन बसला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, हाच तर विनोद. मी वर्गात हाच प्रयोग करून दाखवायचो. कोकमाचं पाणी आम्लात लाल, सोड्यात काळपट निळं, गावठी लिटमस! मुलं निम्मा लिटमस पिऊन टाकायची. पण वर्गात शिकवलेलं स्वयंपाकघरात आणायला विसरलो.

तिने पितळीत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सिमेंटची होडी बुडली काय खाडयेत?"

ती हसायला लागली. हसता हसता दम लागला, खाली बसली, मोठे मोठे श्वास घेत हसत राहिली, आणि डोळे पुसता पुसता ते पुसणं कधी निराळं झालं ते मला कळलं, पण मी कळलं नाहीसं दाखवलं. पितळी मागीलदारी माडाच्या मुळात ओतली. माड अजून बरा आहे.

पुढच्या भेटीत आकडा खाली गेलेला. सोड्याच्या गोळ्या चालू असून आणखी खाली. डॉक्टरने कागद दोनदा बघितला. "काका, काकूंना जेवायला काय देता?"

"आंबट पूर्ण बंद," मी अभिमानाने म्हटलं.

"का?"

"ॲसिड."

तिने पेन खाली ठेवलं. "आणि मासे?"

"मासे चालू आहेत."

"उलट वाढलेत," बायको म्हणाली. डॉक्टरांसमोर ती शाळेतलं मराठी बोलायची. "कढी बेचव होते ना, म्हणून तळून घालतात हे. एकाच्या जागी दोन."

डॉक्टरने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग तिने मला जे सांगितलं, ते मला हायस्कुलातल्या कुठल्याही पुस्तकात नसलं तरी सुचायला हरकत नव्हती. आंबट जिभेला आंबट लागतं, तेवढ्यापुरतं. आत गेलं की शरीर ते जाळतं, त्याचा वायू होतो आणि श्वासावाटे उडून जातो. फळांतलं, भाज्यांतलं आंबट तर जळून मागे थोडा सोडाच ठेवून जातं. मासा जिभेला आंबट लागत नाही. पण मासा, मटण, अंडी यांच्या प्रथिनांत गंधक असतं, आणि त्याचं आत जे आम्ल होतं ते श्वासातून उडत नाही. ते बाहेर टाकायला एकच दार, किडनी.

"आणि लिटमस?" मी क्षीण आवाजात विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, कारण बायको पदराआड हसत होती.

"लिटमस म्हणतो आम्ल आहे. किती गेलं, ते तो कुठे सांगतो? मोकळं आम्ल फारच थोडं जाऊ शकतं, काका. बाकी सगळं अमोनियाला बांधून पाठवावं लागतं. तो अमोनिया किडनीच बनवते. काकूंची किडनी आता पुरेसा बनवत नाही."

मला एकदम आमची खाडी दिसली. पलीकडे जायला माणसं धक्क्यावर दाटलेली आणि होडी एकच, तीही गळकी. पलीकडे पोचलेल्या एका माणसाकडे बघून मी ओरडत होतो, बघा, वाहतूक जोरात चाललीय! त्यातली खुबी अशी, डॉक्टरने सांगितली, की किडनीची होडी रिकामी परत येत नाही. आम्ल पलीकडे सोडलं की दर फेरीला रक्तासाठी ताजा सोडा घेऊन येते. शिवाय गाळताना जो सोडा रक्ताबरोबर निसटून खाली येतो, तो जवळजवळ सगळा वेचून परत वर नेते. रात्रंदिवस, कुणी न सांगता. आणि ती दमली की आम्ल मारायला मग हाडं आपला चुना देऊ लागतात. तिचे गुडघे दुखायचे. मी तेल चोळत होतो.

"म्हणजे सोलकढी चालेल?" बायकोने विचारलं. तिला बाकी शास्त्राचं देणंघेणं नव्हतं.

"आगळात मीठ असतं, ते नको. बिनमिठाच्या कोकमाची, छोटी वाटी. नारळाचं दूध बेताने, मी पोटॅशियम बघत जाईन. मासा रोज नको, आणि एकच तुकडी. भाज्या कुठल्या, ते लिहून देते."

बाहेर आल्यावर बायको पुढे चालू लागली. बस स्टँडवर पोचल्यावर म्हणाली, "इतके म्हयने माझ्या तोंडाची चव काढून घेतलास आणि मासो घालत रवलास." आणि मग लगेच, मी काही म्हणायच्या आत, "रातांबे गेले यंदाचे."

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगत बसत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलंच नाही. आकडा हळूहळू वर आला. श्वास लहान झाला. सकाळी ती खळं न थांबता झाडायची आणि मी पडवीत बसून केरसुणीचा आवाज ऐकायचो. एवढंच. पहिल्यांदा केरसुणी थांबली नाही, त्या सकाळी मी पेपर उलटा धरला होता. तिने दाखवून दिलं तेव्हा कळलं.

आमच्या घराच्या पुढे समुद्र, मागे खाडी. दोन्हीकडे खारं आणि मध्ये आमची विहीर गोडी. लहानपणी मला वाटायचं, विहिरीला भिंत आहे म्हणून. मग शहाणा झालो, पंप बसवला, आणि उपसून उपसून एका उन्हाळ्यात पाणी मचूळ करून ठेवलं. तेव्हा वडील म्हणाले, भिंत बिंत काय नसता रे, पावसाचा गोडा पाणी वर तरंगता, थोडा थोडा काढशात तर ऱ्हवतला. तिच्या आजारात मला ते पाणी सारखं आठवायचं. गोडं असणं म्हणजे काही कायमचं मिळालेलं नाही. ते दर घडीला राखलं जात असतं, कुठेतरी, न दिसता. आपण फक्त कळशी भरतो.

पुढच्या वैशाखात तिने बिनमिठाची सोलां घातली. बिनमिठाची वाळवायला कडक ऊन लागतं, नाहीतर बुरशी धरते, म्हणून ती सूर्याबरोबर खळ्यात टोपल्या सरकवत फिरायची. शेजारणी आल्या, हात लाल झाले, मी मध्ये मध्ये तोंड घातलं आणि हाकलला गेलो. दुपारी तिने कढी केली. छोटी वाटी. तिने ती बोटाने पुसून खाल्ली आणि मला म्हणाली, "रंग बघून घेवा. मगे सिमेंट टाकूक मोकळे." तशा काही वैशाखांची सोलां तिने बरणीत भरली. मला वाटलं, हे असंच चालणार. होडी गळकी असली तरी चालली की माणूस ती गळकी आहे हे विसरतो.

गेल्या दिवाळीनंतर होडी थांबली. मशीनसाठी हाताची शीर जोडायचं ऑपरेशन मुंबईला झालं, मुलगी तिकडेच घेऊन गेली. मीही गेलो, राहिलो, येत-जात राहिलो. घर बंद ठेवलं की वाळवी लागते असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तिनेच पाठवलं. "घर उघडा ठेवा. मी येतलंय तेव्हा माका कोळिष्टकां नको."

आता तिच्या रक्ताला सोडा मशीन देतं. मी उशाशी बसून बघितलंय, नळीतून लाल जातं, लाल येतं, आणि जाताना मलूल असलेली बाई येताना जरा बोलायला लागते. पण मशीन ते काही तासांत उरकतं. किडनीला सवड असायची, रात्रंदिवसाची. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत आम्ल पुन्हा साचतं. तिचा तो मोठा श्वास मला फोनवर ऐकू येतो. आता मी त्याला माझ्यावरचा राग समजत नाही. समजता आलं असतं तर बरं झालं असतं. निदान नळ बदलता आला असता.

आणि दैवाची चेष्टा बघा. मशीन लागल्यावर डॉक्टर म्हणतात, मासे खा, प्रथिनं कमी पडतायत. तिकडचे मासे तिला जात नाहीत. "बर्फातलो मासो," म्हणते, "त्येका दर्याची याद नाय."

डायलिसिस आता आमच्या जिल्ह्यातही होतं. तिकडच्या डॉक्टरांनी कबूल केलं होतं की मधल्या दिवसांतला आकडा स्थिर झाला की तुमच्याकडचे कागद करून देऊ, जा गावाला. वैशाखातल्या तपासणीवर ठरणार होतं. म्हणून तर या वर्षी मी रातांबे काढले, शेजारणींना बोलावलं, लाल हात करून घेतले आणि सोलां घातली. ती येईल तेव्हा घरात असावीत म्हणून.

आज दुपारी फोन आला तो नेहमीपेक्षा उशिरा. चित्र लागल्यावर तिने आधी सोलां विचारली नाहीत, त्यावरूनच कळलं.

"काय म्हणाले?"

"साचता अजून. आताच हलू नकात म्हणाले. पावस जावंदे, मगे बघूया."

मी खळ्याकडे बघितलं. तीही माझ्या फोनमधून खळ्याकडेच बघत असावी. मला वाटलं काहीतरी बोलावं, आणि अशा वेळी मला जे सुचतं ते सहसा सोड्याच्या चिमटीसारखंच असतं.

"मी येतंय आता," मी म्हटलं. "आणखी एक पूट झाला की ही सोलां घेवनच येतंय. बिनमिठाची. थंय कढी करूया, वाटीभर."

पंख्याचा आवाज येत राहिला.

"तुमी येवा," ती म्हणाली. "सोलां घेवन येव नका."

"कित्याक?"

"हय हाडलास तर मी हयच खातलंय." मोठा श्वास घेतला तिने. "बरणीत भरून ठेवा. मी थंय येवन खातलंय."

"तोवर काळी पडतली गो."

"पडांदेत. जुनी सोलां काळीच असतत. आंबट खंय जाता?"

मी होय म्हटलं. फोन खुर्चीला टेकून उभा ठेवला, तिला खळं दिसेल असा, आणि उठून तुळशीकडची पालथी घालू लागलो. पाठमोरा होतो, म्हणून एक सोल उचलून हळूच तोंडात टाकलं.

"एक कमी झाला," मागून आवाज आला. "खाल्लास मां?"

मी वळून नाही म्हणून मान हलवली. बिनमिठाचं सोल, अर्धं वाळलेलं, असं काही चढलं की डोळ्यांतून पाणी आलं. ते आंबटाचं आहे असं तिला सांगणार होतो. पण तोंड उघडायची सोय नव्हती.